जोडशाळा

तीस वर्षे मी पुण्यात शाळेत भूगोल शिकवला. ‘व्हेनिस : कालव्यांचे शहर’ हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील, याचा हिशेब नाही. त्यापलीकडे मी स्वतः कधी गेलो नाही आणि मुलांनाही नेले नाही. एका मार्काला तेवढे पुरत असे!

गेल्या वर्षी लेकीकडे रॉटरडॅमला तीन महिने राहिलो. एके दिवशी तेरा वर्षांच्या नातवाच्या खोलीतून अनोळखी मुलांचे आवाज ऐकू आले. डोकावलो, तर संगणकाच्या पडद्यावर आठदहा चेहरे.

“हे कोण रे?”

“आमचे पार्टनर, आजोबा. व्हेनिसची शाळा.”

आमच्या वेळी पार्टनर असायचा तो पत्त्यांच्या डावात. मी मनातल्या मनात ‘जोडशाळा’ असे नाव देऊन टाकले. युरोपात ही कल्पना काही आजची नव्हे. कोमेनिअस या सतराव्या शतकातल्या शिक्षणतज्ज्ञाच्या नावाची एक योजना १९९५ साली सुरू झाली आणि देशोदेशींच्या शाळा एकमेकींना जोडल्या गेल्या. २००५ पासून ‘ईट्विनिंग’मुळे हेच काम संगणकावरून होऊ लागले. दोन गावचे शिक्षक मिळून एक विषय ठरवतात, मुले आपापल्या गावात हिंडून पाहणी करतात आणि मग ती एकमेकांपुढे मांडतात. या मुलांचा विषय होता : आपल्या शहरापुढची अडचण.

रॉटरडॅमच्या मुलांनी अर्थातच पाणी निवडले होते. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडले आणि त्या देशात १८३६ माणसे गेली, हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. त्यानंतर बांधांची मोठी कामे निघाली आणि १९९७ साली नदीच्या मुखाशी दोन प्रचंड दारे उभी राहिली. एकेक दार २१० मीटर लांबीचे! वादळाची वर्दी आली की ती मिटतात. पाऊस साठवायलाही २०१३ साली गावात एक चौकच खोलगट बांधला. एरवी पोरे तिथे चेंडू खेळतात. मुसळधार पावसात तो सुमारे सतरा लाख लिटर पाणी पोटात घेतो. नातवाने मला तो मोठ्या ऐटीत दाखवला, जणू त्यानेच खणला होता.

व्हेनिसकडूनही पाण्याचेच गाऱ्हाणे येणार, असे सगळे धरून चालले होते. २०१९ च्या नोव्हेंबरात तिथे भरतीचे पाणी १८७ सेंटिमीटरवर चढले होते. पण तिथली एक मुलगी म्हणाली, “पाण्याला दारे बसवली. समुद्राच्या तळाशी अठ्ठ्याहत्तर झडपा आहेत. त्यांत हवा भरली की त्या वर उठतात. २०२० पासून त्या वापरात आहेत. आमची अडचण निराळी आहे. आमच्या जिन्यावर आता कोणी राहत नाही.”

जुन्या व्हेनिसमध्ये १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती होती; २०२२ साली ती पन्नास हजारांच्या खाली आली. घरे प्रवाशांना दिवसांच्या भाड्याने जातात आणि राहणारे किनाऱ्यापलीकडे जातात. रिआल्तो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाने २००८ साली काचेत वस्तीचा आकडा लावला. तो घटतच गेला. २०२४ पासून काही ठरावीक दिवशी, एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशाचे पैसेही घेऊ लागले.

मी दारातच खिळून उभा राहिलो. जिन्यावर कोणी राहत नाही! हे मला भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे, नारायण पेठेतून ठाऊक होते.

“आजोबा, तुमच्या गावात पूर आला होता ना? आई म्हणते, तुम्ही कधी सांगत नाही.”

सांगितले. १२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे. मी दहा वर्षांचा. आमच्या वाड्यात चौदा बिऱ्हाडे. आम्ही सगळे जीव वाचवून बाहेर पडलो. परतलो तेव्हा मागची भिंत नव्हती आणि घरभर चिखल. पण माणसे सगळी शाबूत होती.

“मग पुन्हा तिथेच राहिलात?”

“नाही रे. कोणी लोकमान्यनगरला गेले, कोणी गोखलेनगरला, कोणी सहकारनगरला. पुराने चौदा बिऱ्हाडे मोडली नाहीत. ती मोडली नंतर.”

त्याने पेठांची आणि नगरांची नावे डच वळणाने लिहून घेतली. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. पूरग्रस्तांच्या वसाहतींतली मुले माझ्या वर्गात वर्षानुवर्षे बसत होती. त्यांना मी व्हेनिस शिकवले. ‘तुझे घर आधी कुठे होते रे?’ एवढे मात्र एकदाही विचारले नाही.

आठवड्याने त्या मुलीचा प्रश्न आला : नव्या घरी गेल्यावर तुम्हांला सर्वांत जास्त कशाची उणीव भासली?

वाहून गेलेली भांडी आठवली, माझी दप्तराची पेटी आठवली. पण तिला मी वेगळेच लिहून पाठवले. वाड्यात संध्याकाळी दिवा लावला की आई दार उघडे टाकायची. कोणी ना कोणी विरजण मागायला यायचेच. नव्या घरीही कितीतरी महिने तिने दार उघडे ठेवले. मग एके दिवशी, काही न बोलता, ती कडी लावू लागली.