राखणदार जिवाणू

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरचे नाव देशभर पोहोचले, ते दुःखद कारणाने. भारतातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली साथ याच तालुक्यात आढळली आणि ती आवरण्यासाठी लाखो पक्षी मारण्यात आले. २०२१ मध्ये तीच वेळ पुन्हा आली. रोग विषाणूचा होता, झपाट्याने पसरणारा होता. तरीही त्या मुक्या जीवांच्या स्मरणाने एक प्रश्न मनात उरतोच : रोगाला उत्तर म्हणजे प्रत्येक वेळी संहारच काय?

जिवाणूंच्या बाबतीत तरी विज्ञानाने निराळी वाट दाखविली आहे, आणि तीही कोंबडीच्या पिल्लांमुळेच. यंत्रात उबविलेल्या पिल्लांना आईचा सहवास लाभत नाही. तिच्याकडून मिळणारे हितकारक जिवाणूही लाभत नाहीत. अशा रिकाम्या आतड्यात साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू सहज ठाण मांडतो. प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील जिवाणू पिल्लांना आरंभीच दिले असता त्याचा शिरकाव रोखता येतो, हे फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी १९७३ साली दाखवून दिले.

उपद्रवी जिवाणूंचे बळ त्यांच्या वस्तीत असते. ते पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्याआड सुरक्षित राहतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. दातांवर साचणारा थर, पाण्याच्या नळीतील बुळबुळीतपणा ही तिचीच रूपे. या आवरणाआड प्रतिजैविके फारशी प्रभावी ठरत नाहीत. लॅक्टोबॅसिलससारखे हितकारक जिवाणू मात्र ही वस्ती उभी राहण्याआधीच अडथळा आणतात. ते चिकटण्याची जागा व्यापतात, लॅक्टिक आम्लाने परिसर प्रतिकूल करतात. काही जाती तर उपद्रवी जिवाणूंचे परस्परांतील रासायनिक संकेतही बिघडवितात.

अर्थात, प्रयोगशाळेत दिसलेला गुण प्रत्येक रुग्णात दिसेलच असे नाही. एका जातीचा गुण दुसरीत असतोच असे नाही, आणि घरचे दही हे औषधाला पर्याय नव्हे. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून प्रोबायोटिक औषधे घेऊ नयेत.

परंतु एक पथ्य प्रत्येक कुटुंबास पाळता येण्याजोगे आहे. साध्या सर्दीपडशालाही डॉक्टरांना न विचारता प्रतिजैविके घेतली जातात. सर्दीच्या विषाणूवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. बळी जातात ते आतड्यातील निरुपद्रवी राखणदार. आणि त्यांनी रिकामी केलेली जागा उपद्रवी जिवाणूंना आयती मिळते.