तुटलेला बोल्ट

मोठ्या यंत्राचा खोळंबा बहुधा लहान वस्तूपायी होतो. शिवणयंत्राची सुई, गिरणीचा पट्टा, विहिरीवरील पंपाचा वायसर यांनी आपापल्या परीने प्रत्येक घरास कधी ना कधी वेठीस धरलेले असते. परंतु ८ मिलिमीटर जाडीचा एक बोल्ट सबंध कुटुंबाची झोप उडवू शकतो, हे आम्हांस गेल्या हिवाळ्यात कळले.

आम्ही दहावीच्या वर्गातील चौघे मित्र. आमच्यापैकी एकाचे वडील आपल्या जुन्या व्हॅनमधून शाळेच्या मुलांची ने-आण करतात. त्या व्हॅनच्या इंजिनातून धूर बाहेर नेणारी बिडाची नळी जेथे इंजिनाच्या हेडला जोडलेली असते, तेथील गॅस्केट जळाले व गाडी फटफट आवाज करू लागली. काम तसे साधे होते. मात्र नळी सोडविताना एका बोल्टाने दाद दिली नाही, म्हणून वाटेवरच्या कोणा माणसाने पान्यास लांब नळकांडे जोडून जोर केला. बोल्टाचे डोके तुटून हातात आले आणि उरलेला भाग हेडमध्ये, अगदी पृष्ठभागाशी समतल, रुतून बसला.

शुक्रवारी सायंकाळी ती व्हॅन ओढून बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहानशा गॅरेजात आणण्यात आली. नवे हेड घेण्याची ऐपत नव्हती. सोमवारी गाडी निघाली नाही, तर मुलांचे पालक दुसरी सोय पाहतील आणि एकदा गेलेली गिऱ्हाइके परत येणार नाहीत, ही चिंता मित्राच्या वडिलांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होती.

मेस्त्रींनी विजेरीच्या उजेडात तो तुटका भाग बराच वेळ निरखला व म्हणाले, “अण्णा, बोल्टाची काळजी करू नका, तो गेलाच. आपल्याला आतले आटे वाचवायचे आहेत.”

त्या वेळी या बोलण्याचे मर्म आमच्या ध्यानात आले नाही. आमची दृष्टी तुटलेल्या वस्तूवर होती. त्यांची दृष्टी न तुटलेल्या वस्तूवर होती. बोल्ट थोड्या पैशांत नवा मिळतो; ज्या छिद्रात तो बसतो त्याचे आटे बिघडले, तर मात्र साऱ्या हेडचे मोल धोक्यात येते.

तेथे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी सुचविले, की बोल्टात भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर ठोकावा व फिरवावा, म्हणजे पाच मिनिटांत काम होईल. मेस्त्रींनी मान हलविली. एक्स्ट्रॅक्टर अतिशय कठीण पोलादाचा असतो. कठीण म्हणूनच तो ठिसूळही असतो. गंजलेल्या बोल्टात तो तुटला, तर साधे ड्रिल त्यास कापू शकत नाही आणि एका संकटाच्या पोटात दुसरे संकट अडकून बसते. “जो बोल्ट पान्याला वळला नाही, तो या काडीला कसा वळेल?” एवढेच ते म्हणाले.

त्या रात्री त्यांनी केवळ तारेच्या ब्रशाने जागा साफ केली, रॉकेल व पातळ तेल यांचे मिश्रण थेंबथेंब सोडले, बोल्टाच्या टोकावर हातोडीने हलके ठोके दिले आणि गॅरेज बंद केले. आमच्या मित्राच्या वडिलांना ही दिरंगाई वाटली असावी. पण ते काही बोलले नाहीत.

बोल्ट असा रुततो तरी का? इंजिन चालू असता ती जागा अतिशय तापते व बंद झाल्यावर निवते. हे वर्षानुवर्षे चालते. पाण्याचा अंश शिरला की लोखंडास गंज चढतो आणि गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील फट पाचरीसारखी भरून जाते. त्यातच हेड अ‍ॅल्युमिनियमचे व बोल्ट पोलादी असल्यास दोन धातूंच्या सान्निध्यामुळेही झीज होते. शिवाय निर्दोष बोल्ट आवळतानासुद्धा आपण लावलेल्या जोराच्या १०० भागांपैकी सुमारे ९० भाग घर्षणातच खर्ची पडतात. मग गंजलेल्या बोल्टाची गोष्ट काय सांगावी! नळकांडे जोडून पाना दुप्पट लांब केला की पीळही दुप्पट होतो. तो पीळ आट्यांपर्यंत पोहोचत नाही व बोल्टाची मान मुरगळली जाते.

शनिवारची सकाळची शाळा सुटताच आम्ही पुन्हा तेथे गेलो. मेस्त्रींनी प्रथम बॅटरीच्या तारा सोडविल्या, भोवतीची उघडी छिद्रे पत्र्याने झाकली व तुटक्या बोल्टावर एक नट बरोबर मध्यभागी ठेवला. “पोरांनो, तोंडे फिरवा,” असे बजावून त्यांनी नटाच्या पोकळीतून वेल्डिंग केले. वितळलेले पोलाद बोल्टास व नटास सांधते, परंतु अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. त्यामुळे तुटक्या बोल्टास जणू नवे डोके मिळते.

नट जरा निवल्यावर त्यांनी पाना लावला. कट् असा आवाज झाला आणि नट निखळून हातात आला.

कोणी काही बोलले नाही. आमचा मित्र बाहेर जाऊन व्हॅनच्या पायरीवर बसला. मेस्त्रींनी मात्र त्रासिक चेहरा केला नाही. त्यांनी ती जागा पुन्हा घासली, दुसरा नट घेतला आणि या खेपेस वेल्डिंगची कांडी अधिक वेळ टेकविली.

आम्ही तेवढ्या वेळात वहीत एक हिशेब मांडला. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, तर अ‍ॅल्युमिनियम आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे २३ भागांनी व पोलाद सुमारे १२ भागांनी प्रसरण पावते. म्हणजे दोहोंचे तापमान १०० अंशांनी वाढल्यास ८ मिलिमीटरचे छिद्र बोल्टापेक्षा जेमतेम ०.००९ मिलिमीटरने अधिक रुंदावेल. ही फट केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान! तथापि वेल्डिंगच्या धगीने गंजाची पकड ढिली होते, निवताना बोल्ट आकसतो आणि तेलास शिरण्यास वाट मिळते. पाठ्यपुस्तकातील प्रसरणाचा नियम आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या दिवशी एका घराचा सोमवार त्यावर अवलंबून होता.

दुसऱ्यांदा मेस्त्रींनी बोल्ट प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने दाबला व मग उलट फिरविला. तो केसभर हलला. लगेच खेचण्याऐवजी त्यांनी तो पुन्हा मागे नेला, तेल सोडले व परत पुढे आणला. असा पुढेमागे करीत पाव तासाने तो बोल्ट सबंध बाहेर आला. त्याच्या अंगावर तांबडी भुकटी होती, परंतु छिद्रातील आटे शाबूत होते. मित्राच्या वडिलांनी कपाळावरील घाम पुसला आणि आमच्या मित्राला हाक मारली.

हा उपाय फसला असता तर? आम्ही विचारलेच. तर बोल्टाच्या नेमक्या मध्यावर पंचाने खूण करून बारीक भोक पाडावे लागले असते, ते क्रमाक्रमाने मोठे करीत आट्यांपाशी थांबावे लागले असते व उरलेली साल टोकदार अवजाराने उचकटावी लागली असती. तेही बिघडले, तर छिद्र मोठे करून त्यात तारेच्या आट्यांची वेटोळी बसवितात. म्हणजे वाटा अनेक आहेत. जिच्यामुळे मागे फिरण्याची सोय उरते ती वाट आधी धरावी, हा त्यांचा क्रम होता.

शेवटी त्यांनी टॅप हाताने फिरवून आटे साफ केले, नव्या बोल्टास तांब्याचे ग्रीस लावले आणि मापाच्या पान्याने तो पुस्तिकेत सांगितला होता तेवढाच आवळला. सोमवारी व्हॅन वेळेवर निघाली.

आमच्या या बेळगावातच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान थाटले व पुढे लोखंडी नांगर घडविले. १९१० साली ते येथून गेले, पण भट्ट्या, लेथ आणि पाने यांचा आवाज या गावी आजही ऐकू येतो. त्या आवाजात मेस्त्रींसारखे कितीतरी गुरुजी फळ्याखडूवाचून शिकवीत आहेत. काही बिघडले की आपला हात प्रथम तुटलेल्या जागी धावतो व तेथे जोर करतो. वाचकहो, अशा वेळी क्षणभर थांबून, अजून काय शाबूत आहे व ते कसे राखता येईल, एवढे पाहिले, तरी पुष्कळ नुकसान टळेल असे आम्हांस वाटते.