सोसावं कुणी

मांजराचं म्हातारपण आधी दिसतं ते पाण्याच्या वाटीपाशी. त्याचे केस पांढरे होत नाहीत, चालताना काठी लागत नाही. फक्त आयुष्यभर पाण्याला तोंड लावायला कां-कूं करणारं जनावर वाटीच्या वाटी रिकामी करू लागतं, बादलीच्या काठावर ओणवं होतं, मोरीतल्या ओल्या फरशीला जीभ लावतं. आमच्या गोदूची तहान अशीच वाढत गेली. ती तहान नव्हती, निरोप होता. शरीराने आतून पाठवलेला.

मांजरांचे पूर्वज पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले. शिकारीच्या रक्तामांसातून मिळेल तेवढ्याच ओलीवर दिवस काढणारे. म्हणून मांजराची मूत्रपिंडं पाण्याचा थेंब न् थेंब राखतात आणि म्हातारपणी बहुतेकदा तीच आधी थकतात. थकल्याचं सांगतही नाहीत. सुमारे पाऊण काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन जागचं हलत नाही. उरलेला पाव हिस्सा मुकाट्याने सगळ्याचा भार ओढत राहतो, आणि ज्या दिवशी कागदावर आकडा चढलेला दिसतो त्या दिवशी बरंचसं आयुष्य आधीच खर्ची पडलेलं असतं. या आजाराचे चार टप्पे मानतात. क्रिएटिनिन पाचच्या वर गेलं की चौथा. गोदूचा आकडा पाचच्या वर होता.

डॉक्टरांनी टेबलावर एकेक वाट मांडली. भरती करून शिरेतून सलाइन देता येईल. काही दिवस पिंजऱ्यात, पायाला सुई बांधलेली. घरच्या घरी कातडीखाली सलाइन देता येईल. मळमळीचं औषध, भुकेचं औषध, फॉस्फरस कमी असलेलं खाणं. खाणं सुटलंच, तर मानेतून अन्ननलिकेत नळी. अमेरिकेत तर १९८७ सालापासून मांजरांच्या मूत्रपिंडाचं प्रत्यारोपणही करतात, हे मी वाचलं होतं. ते मूत्रपिंड एका तरुण, धडधाकट मांजराचं काढून घेतात आणि त्या बदल्यात त्याला घर देतात. त्या दुसऱ्या मांजराला कुणी काय विचारलं असेल, हा प्रश्न मनातून जात नव्हता. आणि विचारायचं तर गोदूलाही होतं.

"काय काय करता येईल ते मी सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "ती काय सोसेल ते तुम्ही मला सांगा. तिला तुम्ही ओळखता."

घरात आजारी माणूस असलं की आपण त्याच्या उशाशी बसून किती गोष्टी सांगतो. एवढी गोळी घे, पुढच्या आठवड्यात हिंडशील. एवढं इंजेक्शन सोस, नातीच्या लग्नाला उभी राहशील. दुखण्याला आपण कारण देतो आणि कारण मिळालं की दुखणं निम्मं हलकं होतं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती दात आवळून पायऱ्या चढली, कारण वणीच्या देवीला जायचं तिने मनाशी धरलं होतं. मांजराला वणीची देवी नाही. पुढचा आठवडा नाही. बरं करणारी सुई आणि नुसतीच टोचणारी सुई यांत तिच्या लेखी फरक नाही. पिंजरा का, हे तिला कळणार नाही. तिथून आपण परत घरी नेणार आहोत, हेही कळणार नाही. तिला कळतं ते फक्त आत्ताचं. म्हणून तिच्या उपचाराचं मोजमापही मला आत्ताच्याच मापाने करावं लागलं. या उपचाराने तिचे किती दिवस वाढतील, हा प्रश्न मागे पडला. त्या वाढलेल्या दिवसात तिचा दिवस किती उरेल, हा प्रश्न पुढे आला.

आम्ही घरचं सलाइन निवडलं. रिंगर लॅक्टेटची बाटली आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, कारण गार द्रव अंगात गेला की ती शहारायची. बाटली खिडकीच्या गजाला टांगायची. मग मांडीवर जुनी चादर, चादरीवर गोदू. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलायची. अंगातलं पाणी कमी झालेलं असलं की ती सोडल्यावरही तशीच उभी राहते, हळूहळू बसते. त्या घडीच्या बुडाशी सुई. पहिल्या टोचणीला तिचे कान मागे जायचे, मग आईचा हात कपाळावरून फिरू लागला की पुन्हा सरळ व्हायचे. शंभर मिलीलीटर उतरेपर्यंत पाठीवर एक ऊबदार फुगवटा तयार व्हायचा. दुपारी तो ओघळून पुढच्या पायात यायचा आणि संध्याकाळी अंगात जिरून जायचा. रात्री गोदू उठून स्वतःचे पंजे चाटायची. मांजराने स्वतःला चाटणं म्हणजे त्याला अजून स्वतःची पर्वा आहे. ते पाहिलं की आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली कोमट करायचो.

खाण्याचा निर्णय त्याहून अवघड होता. पथ्याचं खाणं ती हुंगायची आणि वाटी उकरल्यासारखी करून निघून जायची. तिचा जीव सुकटीत. सुकटीत फॉस्फरस भरपूर, मीठही. मूत्रपिंडाला दोन्ही नकोत. पण मांजर उपाशी राहिलं तर आजाराच्या आधी उपासच त्याला नेतो. डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितलं, की पोटात न गेलेल्या पथ्यापेक्षा पोटात गेलेलं कुपथ्य बरं. त्या दिवसापासून आई तव्यावर चिमूटभर सुकट भाजायची आणि पथ्याच्या खाण्यावर चुरून घालायची. तो वास सुटला की गोदू पलंगाखालून बाहेर यायची, थकलेली, पण शेपटी वर करून. औषधांच्या सगळ्या बाटल्यांनी जे केलं नाही ते त्या चिमटीने केलं. उपचार कशाला म्हणायचं, हे मला तव्यापाशी कळलं.

मांजरासाठी एवढं कशाला, असं विचारणारी माणसं भेटली. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. पण हा प्रश्न आपल्या मातीत फार आधी विचारून झाला आहे आणि त्याची उत्तरंही मोठ्या माणसांनी दिली आहेत. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारायला विरोध म्हणून लोक रस्त्यावर उतरले, आणि १८३४ साली तिथे पांजरापोळ उभा राहिला. म्हातारं, लंगडं, कुणाच्या उपयोगाचं न उरलेलं जनावरही शेवटपर्यंत सांभाळायचं, हे त्या संस्थेचं ब्रीद. जीव घ्यायचा नाही; सेवा करायची. दुसरं उत्तर १९२८ साली साबरमती आश्रमातून आलं. एक वासरू असह्य यातनांत पडून होतं. इलाज नव्हता, कूस बदलवणंसुद्धा त्याला दुखवत होतं. गांधीजींनी आश्रमातल्या सगळ्यांशी चर्चा केली आणि डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याला मरण दिलं. मग त्यावर जाहीरपणे लिहिलं. संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला, पण त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही: जिथे सेवाच अशक्य झाली आहे, तिथे केवळ त्या जीवाच्या भल्यासाठी त्याच्या यातना संपवणं हीही अहिंसाच.

ही दोन उत्तरं मला एकमेकांची वैरी वाटत नाहीत. सेवा पोचते तोवर पांजरापोळ. सेवा पोचेनाशी झाली की आश्रमातलं ते वासरू. अवघड आहे ती मधली सीमा. ती कुठल्या ग्रंथात आखलेली नाही. ती रोज सकाळी त्या जनावराच्या चेहऱ्यावर शोधावी लागते.

आणि मांजराचा चेहरा वाचणं सोपं नसतं. शिकार करणारं आणि स्वतःही शिकार होणारं जनावर दुखणं लपवूनच जगत आलं. त्याच्या घुरघुरण्यावरही विसंबता येत नाही. मांजर सुखात घुरघुरतं तसं वेदनेतही घुरघुरतं. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली मांजराची वेदना ओळखायची एक पट्टी प्रसिद्ध केली. तीत पाच गोष्टी पाहतात: कानांची दिशा, डोळ्यांचं आकसणं, तोंडाभोवतालचा ताण, मिशांची ठेवण आणि खांद्यांच्या तुलनेत डोकं किती खाली गेलं आहे ते. मी त्या पाच गोष्टी पाठ केल्या. आईने कधी पट्टी पाहिली नाही. ती फक्त म्हणायची, आज ही आपल्यात आहे. किंवा, आज ही आपल्यात नाही. बहुतेक वेळा आमची दोघींची उत्तरं जुळायची.

मग एका आठवड्यात सगळंच बदललं. बाटली कोमट करायला ठेवली, की गोदू पलंगाखाली अगदी भिंतीशी जाऊन बसायची. पाठीवरचा फुगवटा संध्याकाळीही जिरेना. तोंडात फोड आले. सुकटीचा वास सुटला तरी ती बाहेर आली नाही. आईने तव्यावरून चिमूट नेऊन तिच्या नाकाशी धरली, तेव्हा तिने मान फिरवली. पंजे चाटायचे राहिले. नळी अजून बसवता आली असती. तसं डॉक्टरांनी सांगितलंही, आणि मग माझ्याकडे पाहत थांबले. आई म्हणाली, "आता आपण आपल्यासाठी करतोय गं." एवढ्या एका वाक्याने निर्णय झाला.

डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, ती गाढ झोपेपर्यंत वाट, मग शिरेतून भुलीचं औषध, पुरून उरेल एवढं. भुलीतच श्वास थांबतो, मग हृदय. त्याला फार वेळ लागत नाही. तिचं डोकं आईच्या तळहातावर होतं. एकही सुई तिला पिंजऱ्यात टोचली नाही, एकही परक्या खोलीत नाही. तेवढं आमच्या हातात होतं, आणि तेवढं आम्ही केलं.

ज्यांच्या घरी आज असं थकलेलं मांजर पाण्याच्या वाटीपाशी बसलं आहे, त्यांना माझ्याजवळ देण्यासारखा हिशेब नाही. नळी बसवून चांगले महिने मिळालेली मांजरंही असतात आणि त्यांच्या माणसांनी योग्यच केलेलं असतं. मला फक्त एवढं सांगायचं आहे, की त्या निर्णयानंतरचं दुःख चुकीच्या निर्णयाची खूण नसते. गोदू गेल्यापासून घरात जे दुखतं आहे, ते आम्ही तिच्याकडून मागून घेतलेलं आहे. आणखी काही आठवडे तिने जे अंगावर काढलं असतं, त्याचा अर्थ तिला कुणीही समजावू शकलं नसतं. आमच्या दुखण्याचा अर्थ आम्हाला कळतो. त्याला नाव आहे, कारण आहे, ते बोलता येतं, एकमेकींच्या खांद्यावर टेकवता येतं. दोघांपैकी एकाला सोसणं भागच असेल, तर ज्याला सोसण्याचं कारण कळतं त्याने सोसावं. मला ते मान्य आहे, आज आहे आणि पुढेही राहील.