थरथर गिळणारे चाक

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ साली आगगाडी घाट चढून वर आली आणि २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. रस्ते सुधारत गेले. परंतु लोणावळ्याची सुमारे सहाशे मीटरची उंची काही कमी झाली नाही. ती प्रत्येक यंत्राला स्वतःच्याच बळावर चढावी लागते. म्हणून मावळात जुनी डिझेल जीप बाळगणाऱ्या माणसाचा कान मोठा तिखट असतो. दुधाच्या किटल्या आणि भाताची पोती वाहणारी ती जीप जरा वेगळ्या सुरात कण्हू लागली, की तो तिचे बॉनेट उघडतो.

पुष्कळदा दोष सापडतो तो इंजिनाच्या अगदी पुढच्या टोकाला. ज्या चाकावरून पट्टा फिरतो, ते चाक डुलताना दिसते. गॅरेजातले लोक त्याला डँपर पुली म्हणतात. पुस्तकातले नाव हार्मोनिक बॅलन्सर. पाहणाऱ्याला ती साधी पुली वाटते. खरे म्हणजे पट्टा फिरवणे हे तिचे दुय्यम काम होय.

इंजिनाच्या पोटात वाकड्या कोपरांचा एक पोलादी दांडा असतो. त्याला क्रँकशाफ्ट म्हणतात. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांचे मिळून सेकंदाला ६० तडाखे या दांड्यावर बसतात. प्रत्येक तडाख्यासरशी तो केसभर पिळला जातो आणि लगेच उलट उसळतो. पोलाद पिळले जाते हे ऐकून नवल वाटेल. पण ते खरे आहे. झोक्याला नेमक्या वेळी हलके हलके ढकलत गेले, तर झोका उंच उंच जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. तडाख्यांचा ताल दांड्याच्या स्वतःच्या थरथरीशी जुळला, की तेच घडते, आणि अखेर पोलादही तडकते. इंग्लंडात मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथे १८३१ साली सैनिकांची एक तुकडी पावलात पाऊल मिळवून झुलत्या पुलावरून चालली, तेव्हा पूल कोसळला होता. शत्रू कोणी नव्हता. शत्रुत्व केले ते तालाने!

मोटारीच्या इंजिनातील या थरथरीवर विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांनी उपाय शोधले, त्यांत लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याचे नाव घेतले जाते. आजच्या डँपर पुलीची रचना बैलगाडीच्या चाकावरून समजून घेता येईल. मध्ये तुंबा, बाहेर जड लोखंडी कडे. मात्र दोहोंमध्ये आऱ्यांऐवजी रबराचा पट्टा बसवलेला. दांडा थरथरला, की त्याच्याबरोबर तुंबाही थरथरतो. जड कडे मात्र आपल्या वजनामुळे एका चालीने फिरू पाहते. या ओढाताणीत रबर सतत दबते, ताणले जाते, आणि थरथरीचे रूपांतर किंचित उष्णतेत होऊन जाते.

रबर बिचारे किती वर्षे हे सोसणार? उष्णतेने आणि तेलाने ते कडक होते, भेगाळते आणि सुटू लागते. मग कडे तुंब्यावरून घसरते. हे ओळखण्याची युक्ती मुलांनाही जमेल अशी आहे. इंजिन बंद असताना तुंबा, रबर आणि कडे यांवरून खडूची एक सरळ रेघ ओढायची. घरातल्या मोठ्या माणसाने इंजिन चालवून बंद केले, की रेघ पाहायची. ती तुटलेली दिसली, तर रबर गेले.

अशी पुली फेकली गेली, की पट्टा निसटतो आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप थांबतो. कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा निर्वात पंपही पट्ट्यावरच चालतो. खोपोलीच्या बाजूला उतरताना ब्रेकचे पेडल दगडासारखे ताठ झाले, तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

म्हणून मृग लागण्यापूर्वी, अंगण कोरडे आहे तोवर, हे काम उरकून घेतात. चाकांना दगडांची ओट लावायची, बॅटरीची तार काढायची, पट्टा उतरवायचा. मधला बोल्ट मोठा हट्टी असतो. पाना फिरवावा, तर इंजिनच फिरू लागते! मग गाडी वरच्या गिअरमध्ये घालून कोणाला तरी ब्रेकवर बसवतात. "दाब, अजून दाब!" असे बाबा ओरडतात, आणि आसनावरची मुलगी दोन्ही पायांनी पेडल दाबून धरते. पान्याच्या दांडीवर लांब नळी चढवून नेट लावला, की बोल्ट करकरतो आणि ढिला होतो.

येथून पुढे बळापेक्षा विवेक हवा. पुली ओढायची ती तुंब्याला धरून. कड्याला धरून ओढले, तर उरलेसुरले रबरही फाटते. बहुतेक तुंब्यांत आट्यांची छिद्रे असतात. त्यांत पुलरचे बोल्ट बसवून मधला स्क्रू पिळत गेले, की पुली आपण होऊन बाहेर सरकते. हातोडा मात्र दूर ठेवावा, नवी पुली बसवतानाही. त्याचा घाव दांड्यातून थेट आतल्या बेअरिंगांवर बसतो.

पुली निघाली, की मागचे तेल अडवणारे सील तपासायचे आणि खाचेतली लहानशी पोलादी चावी सांभाळून ठेवायची. ती मातीत पडली, तर घरातली सारी मंडळी अंगणात ओणवी होऊन शोधत बसतात. नव्या तुंब्याला तेलाचा हात लावून, खाच चावीशी जुळवून तो हळूहळू आत ओढून घेतात, आणि बोल्ट पुस्तकात दिलेल्या मापाइतकाच आवळतात.

पट्टा चढतो, बॅटरी जोडली जाते. सुरू करण्याआधी मुलगी नव्या पुलीवर खडूची रेघ ओढून दूर उभी राहते. इंजिन पाच मिनिटे चालते, थांबते. बाबा हात पुसत असताना ती वाकून पाहते. रेघ अखंड असते.