चिखलातले अंदाज

सिएटलहून टकोमाच्या दिशेने निघाले की साधारण तासाभरात लेकवुड लागते. तिथल्या मोठ्या बागेचे नाव फोर्ट स्टिलाकम पार्क. १५ डिसेंबर २०१९ ला आम्ही तिथे गेलो ते अमेरिकेची राष्ट्रीय सायक्लोक्रॉस स्पर्धा बघायला. इथल्या डिसेंबरात रविवारी सकाळी पांघरूण सोडायला कारणही तसेच दमदार लागते. नवऱ्याच्या ऑफिसात एक कागद फिरला होता. महिला आणि पुरुष, दोन्ही मुख्य शर्यतींचे विजेते ओळखायचे. चुकणाऱ्यांनी जिंकणाऱ्याला जेवण द्यायचे. नवऱ्याने कागद माझ्यापुढे सरकवला. "तू मास्तरीण. निकालाचे अंदाज बांधणं हा तुझा धंदा."

मी पाच मिनिटांत कागद भरला. मास्तरिणीची पद्धत सोपी असते : मागचे गुण बघायचे. महिलांमध्ये कोलोराडोची केटी कॉम्प्टन २००४ ते २०१८ या काळातली एकही राष्ट्रीय स्पर्धा हरली नव्हती. एकूण पंधरा विजेतेपदे! पुरुषांत स्टीफन हाइड लागोपाठ तीन वेळा जिंकलेला. यात विचार कसला करायचा? दोन नावे लिहिली आणि जेवणात काय मागायचे ते ठरवू लागले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडेसे. सायक्लोक्रॉस म्हणजे गवत, वाळू, चिखल आणि चढ-उतार यांतून काढलेल्या तीनेक किलोमीटरच्या वाटेवर फेऱ्या मारायच्या. पुरुषांची शर्यत साधारण तासभर, महिलांची त्याहून थोडी कमी. वाटेत गुडघ्याच्या खाली येतील अशा फळ्या आडव्या लावलेल्या असतात. तिथे बहुतेक जण उतरतात, सायकल उचलतात, उडी मारतात आणि पळता पळता पुन्हा स्वार होतात. चढ फारच उभा असेल तर सायकल सरळ खांद्यावर. टायर जेमतेम ३३ मिलिमीटर रुंद, त्याहून रुंद चालत नाही. चिखलात पकड मिळावी म्हणून त्यात हवा अगदी कमी भरतात. सायकल चिखलाने जड झाली की ठरलेल्या जागी दुसरी घ्यायची. पहिली तोवर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन तयार.

ते बघताना मला हसू आले. कृष्णाकाठच्या ज्या शाळेत मी शिकवत होते, तिथे पावसाळ्यात वाड्या-वस्त्यांवरची पोरे अशीच यायची. काळी माती चाकात आणि मडगार्डात गच्च बसली की आधी काडीने उकरायची, आणि नाहीच निघाली तर सायकल खांद्यावर, चपला हातात. त्यांना कुणी घंटा वाजवून प्रोत्साहन दिले नाही, एवढाच फरक. इथे मात्र वाटेच्या दोन्ही कडेला माणसे गुरांच्या गळ्यातल्या घंटा हातात घेऊन खणाणत उभी होती.

जागाही साधी नव्हे. १८४९ मध्ये इथे लष्करी ठाणे झाले. ते बंद झाल्यावर १८७१ मध्ये मनोरुग्णालय आले. आज जिथे बाग आहे तिथे त्या रुग्णालयाची शेती होती आणि रुग्णच तिथे राबायचे. जुने गोठे अजून उभे आहेत. बागेत त्यांची दफनभूमीही आहे. तीन हजारांहून जास्त माणसे तिथे पुरली आहेत आणि दगडांवर नावे नाहीत, नुसते आकडे. अलीकडे स्वयंसेवक जुन्या नोंदी शोधून एकेका आकड्याच्या जागी नाव कोरून घेत आहेत. शर्यतीला अवकाश होता म्हणून आम्ही तिकडे चक्कर मारली. परत येताना दोघेही बोललो नाही.

सुरुवातीच्या रेषेवर खेळाडूंना मानांकनाच्या क्रमाने उभे करतात. वरचे पहिल्या रांगेत, बाकीचे मागे. वाट लगेच अरुंद होते, त्यामुळे मागच्यांना पुढे घुसायला जागाच नसते. म्हणजे अंदाज काही कागदावरच राहत नाही. तो जमिनीवर आखलेला असतो. पहिल्याच्या फार मागे पडलेल्यांना पंच मध्येच थांबवतात. पण तेही धावल्यावर. सुटण्याचा इशारा सगळ्यांना एकच.

आम्ही एका तिरक्या उतारावर उभे होतो. पहिल्या फेऱ्यांत चेहरे ओळखू येत होते, नंतर सगळ्या चिखलाच्या मूर्ती. नवऱ्याचा सहकारी, जो आठवड्यात आपल्या वयोगटात धावून शेवटून चौथा आला होता, मला शिकवत होता : कोण ब्रेक उशिरा दाबते बघा, उतारावर कोण पाय टेकते बघा. मी तोवर फक्त मागचे गुण बघितले होते. माती बघितलीच नव्हती.

महिलांची शर्यत जिंकली क्लारा होन्सिंगर. वय २२, पोर्टलँडच्या एका छोट्या चमूची. पोर्टलँड इथून दोन-अडीच तासांवर. तिथला पाऊस आणि तिथला चिखल इथल्यासारखाच. ४१ वर्षांच्या कॉम्प्टनची मालिका संपली. पुरुषांत २१ वर्षांचा गेज हेक्ट जिंकला. माझी दोन्ही उत्तरे चूक.

आसपासचे लोक आनंदाने घंटा वाजवत होते, आणि मला मात्र एक जुनी गोष्ट आठवली.

बोर्डाचे फॉर्म भरायच्या आधी आम्ही शिक्षक याद्या करायचो : हमखास, काठावर, अवघड. एकीचे वडील शाळेत आले. "निघंल का पोरगी, बाई?" गणितात तिला सहामाहीला अकरा गुण होते. मी सरळ सांगितले, "अवघड दिसतंय." माझ्या दृष्टीने तो अंदाज होता. त्यांच्या दृष्टीने तो निकाल होता. त्यांनी फॉर्म भरला नाही, आणि दोन वर्षांत तिचे लग्न झाल्याचे कानावर आले. ती पास झालीच असती असे मी म्हणत नाही. पण तिला रेषेवर उभे राहू न देण्यात माझा हात होता. मागच्या रांगेत का होईना, तिची जागा होती.

पुढचे काही कुणाच्या कागदावर नव्हते. २०२० ची स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही. २०२१ मध्ये कॉम्प्टनवर उत्तेजकांच्या चाचणीवरून चार वर्षांची बंदी आली. आपण जाणूनबुजून काही घेतले नाही, असे तिने सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात इलिनॉयला होन्सिंगर पुन्हा जिंकली. त्या वेळी मी तिचेच नाव लिहिले होते आणि जेवणही मिळाले.

अंदाज बांधायची खोड काही गेलेली नाही. दर डिसेंबरात कागद येतो आणि मी भरते. आता आधी हवामान बघते, माती कसली ते विचारते. पण मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात एखाद्या आईने "हिला जमेल का हो?" असे विचारले, तर मी अंदाज सांगत नाही. "पुढच्या रविवारी पाठवा," एवढेच म्हणते.