पक्षी मुलीचा, वचन आपले

माझी मुलगी सातवीत आहे आणि तिला पोपट हवा आहे. खांडबाऱ्यात ही हौस पुरवणे अवघड नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर झाडाच्या ढोलीतून काढलेली पिल्ले कोणी ना कोणी घेऊन येतो. आपल्या कितीतरी घरांत ओसरीवर मिठ्ठूचा पिंजरा असायचा, त्याला सलाम करायला शिकवायचे आणि पाहुण्यांसमोर कौतुक करायचे. त्यात काही गैर आहे असे कुणाला वाटत नसे.

तरी मी पोपटाला नाही म्हणालो. पहिले कारण कायद्याचे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आपले देशी पोपट पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरात ठेवणे गुन्हा आहे. दुसरे कारण मला जास्त मोठे वाटते. ढोलीतून काढलेल्या पिल्लांपैकी बरीच वाटेतच मरतात. आपल्यापर्यंत येते ते वाचलेले एखादे. ते पंचवीस वर्षेही जगू शकते, आणि तितकी वर्षे त्याच्यासमोर आकाश असते, पण त्यात जाता येत नाही.

मग नवख्या माणसाने काय पाळावे? माझे उत्तर बजी. बाजारात ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, तो बहुतेक वेळा हाच असतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८४० साली जॉन गुल्ड या पक्षीतज्ज्ञाने तो इंग्लंडला नेला आणि तेव्हापासून तो पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढतो आहे. म्हणजे त्याच्यासाठी आज कुठले जंगल लुटावे लागत नाही. पूर्ण वाढलेल्या नराच्या चोचीवरचा भाग निळा असतो, मादीचा तपकिरी. हा थव्याचा पक्षी आहे, म्हणून एकटा ठेवू नये, दोन घ्यावेत. पिंजऱ्यात मडके मात्र टांगू नये. मडके दिसले की अंडी आली, आणि दोनाचे दहा झाले की सांभाळणार कोण?

पक्षी स्वस्त असतो, महाग असतो तो आपला वेळ. बजी पाच ते आठ वर्षे सहज जगतो. आज सातवीतली मुलगी पाच-सहा वर्षांत शिकायला नंदुरबारला किंवा सुरतेला जाईल. पिंजरा घरीच राहील. तेव्हा मुलासाठी पक्षी आणणाऱ्या बापाने हे समजून घ्यावे की हौस मुलाची असली तरी वचन आपण देतो आहोत.

आपल्या दीनमध्येही या गोष्टीला दोन बाजू आहेत. हजरत अनस यांचा लहान भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटा पक्षी होता. तो मेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाची प्रेमाने विचारपूस केली. यावरून पक्षी पाळणे जायज आहे असे उलेमांनी सांगितले. दुसरी हदीस मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची. तिने मांजराला खायला दिले नाही आणि स्वतः शोधून खायला सोडलेही नाही, म्हणून ती शिक्षेला पात्र ठरली. परवानगी आणि जबाबदारी एकत्रच येतात. कोंडलेला जीव ही अमानत आहे.

आता घरातल्या गोष्टी. पिंजरा उंच नको, लांब हवा. पक्षी आडवा उडतो. बसायला कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या लावाव्यात. राळा, बाजरी, रोज थोडी कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला, आणि चोचीसाठी समुद्रफेस. पाणी रोज बदलायचे. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून पत्र्याखाली पिंजरा ठेवू नये. पक्ष्याची फुप्फुसे फार नाजूक असतात. चुलीचा धूर, लोबान, अगरबत्ती, अत्तराचा फवारा, तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ, सगळेच त्याला घातक. रमजानमध्ये घर रात्रभर जागे असते, पण त्याला दहा-बारा तास अंधार हवा. सुती कापड टाकून पिंजरा शांत खोलीत ठेवावा. ईदला गावी जाताना दाणा-पाणी कोण पाहील, हे आधीच ठरलेले असावे.

आपल्या तालुक्याला आणखी एक आठवण आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१ मध्ये तो पुन्हा आला. म्हणून पिंजरा अंगणात, कोंबड्या-कावळ्यांच्या वाऱ्याला ठेवू नये. भांडी वेगळी ठेवावीत, हात धुवावेत. पक्षी आजार लपवतो. पिसे फुगवून तळाशी बसलेला दिसला तर उद्यावर ढकलू नये. गावाकडचे डॉक्टर बहुधा गुरांचे, शेळ्यांचे असतात. पिंजऱ्यातला पक्षी तपासणारा कुठे मिळेल, हे पक्षी आणण्याआधी शोधावे.

मुलीला मी एक अट घातली आहे. कंपाउंडच्या भिंतीवर चिमण्यांसाठी मातीचा परळ ठेवला आहे. दोन महिने, शाळा असो वा सुट्टी, सकाळी तो घासून पाणी भरायचे. हे जमले तर पिंजरा आणू. नाही जमले तर चिमण्यांचे काही बिघडणार नाही, त्यांना दुसरे पाणी शोधता येते. पिंजऱ्यातल्याला ते येत नाही. आणि ती बाहेरगावी शिकायला गेली की तो परळ आणि तो पिंजरा, दोन्ही माझ्याकडे. ही माझी निय्यत मी आजच करून ठेवली आहे.