मॅकरोनी आणि खव्याची कढई

रविवार, रात्र. धाराशिव.

लेकीला वरून खरपूस भाजलेली चीज मॅकरोनी हवी होती. ओव्हन नाही. कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाशी मीठ पसरलं, मंद आचेवर तापत ठेवला.

दोन मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा, अर्धा लिटर म्हशीचं दूध. मैदा लोण्यात परतून दूध थोडं थोडं घातलं की गुठळी होत नाही. मागच्या खेपेला उकळत्या सॉसमध्ये चीज टाकलं आणि ते फुटलं. तूप वेगळं, चोथा वेगळा. आज गॅस बंद करून घातलं. अलगद विरघळलं.

ढवळताना हात सारखा तळाशी घासत होता. ही सवय माहेरची, भूमकडची. दूध आटवताना हात थांबला की खवा करपतो. आमच्या त्या भागातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा भट्टीच्या धगीपुढे बसलेली माणसंच डोळ्यांपुढे आली होती.

शिजलेली मॅकरोनी सॉसमध्ये मिसळली, वर ब्रेडच्या चुऱ्याऐवजी कडक भाकरी कुस्करून पसरली आणि भांडं तापलेल्या कुकरमध्ये ठेवलं. झाकण काढलं तेव्हा सासूबाई आतूनच म्हणाल्या, "अगं, ज्वारी भाजल्याचा वास येतोय!" लेक केव्हाची ताटली घेऊन ओट्याशी उभी होती.